दाराबाहेरची ७७ मिनिटं

केतकी_सॅन_अँटोनिओ

माझा मुलगा तिसरीत आहे. परवा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, "आई, आज आम्ही अंधारात बसलो होतो. मिस म्हणाल्या, सर्दी असली तरी नाक ओढायचं नाही." लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकवाला शिरला तर दार लावून गप्प बसायचा सराव, मला नवीन नाही. इथे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला ती माहीत असते. पण पुढे त्याने विचारलं, "आपण गप्प बसलो की पोलीस येतात ना?" मी हो म्हटलं आणि लगेच ओट्याकडे वळले. त्याच्या डोळ्यांत बघून मला ते दुसऱ्यांदा म्हणता आलं नसतं.

आमच्याकडून हायवे ९० धरून पश्चिमेला निघालं की दीड तासात युवाल्डी येतं. पंधरा हजार वस्तीचं गाव. २४ मे २०२२ ला तिथल्या रॉब एलिमेंटरी शाळेत १८ वर्षांचा एक मुलगा रायफल घेऊन ११.३३ ला शिरला. तीन मिनिटांत पोलीस त्याच इमारतीत होते. त्याला मारलं गेलं ते १२.५० ला. मधल्या वेळात आवारात मिळून ३७६ पोलीस जमले होते: सीमा दलाचे १४९, राज्य पोलिसांचे ९१, शिवाय गावचे, शाळेचे आणि आजूबाजूच्या काउंट्यांचे. वर्ग १११ आणि ११२ मध्ये १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

१२.०३ ला वर्ग ११२ मधून एका मुलीने ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. १२.१६ ला तिने सांगितलं की आठ-नऊ मुलं अजून जिवंत आहेत. त्यानंतरही ३४ मिनिटं गेली. बाहेर आईबाप पोलिसांना आत जा म्हणून ओरडत होते, आणि एका आईला तर बेड्या घातल्या. सुटल्यावर तीच कुंपण ओलांडून धावली आणि आपली दोन मुलं घेऊन बाहेर आली. मेलेल्या शिक्षिकांपैकी एकीचा नवरा शाळेच्या पोलिसात होता. तिने त्याला फोन करून गोळी लागल्याचं सांगितलं होतं. तो पुढे जायला निघाला तर त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याची बंदूक काढून घेतली आणि त्याला बाहेर नेलं.

या सगळ्याबद्दल फौजदारी आरोप फक्त दोघांवर झाले, २०२४ मध्ये. शाळा पोलिसांचे प्रमुख पीट अरेडोंडो आणि त्यांच्या हाताखालचे एड्रियन गोन्झालेस. गोन्झालेसवर मुलांना धोक्यात टाकल्याचे २९ आरोप होते. जानेवारी २०२६ मध्ये कॉर्पस क्रिस्टीच्या ज्युरीने ते सगळ्यांतून निर्दोष सुटले असं सांगितलं.

मला कोणाला तुरुंगात पाठवायचं म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला एवढंच समजून घ्यायचं आहे: ज्याने बंदूक आणि बिल्ला घेतलाय, त्याने आत जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं आहे का? की माझ्या मुलाला मी खोटं सांगितलं?

मृण्मयी_क

३७६ हा आकडा मी तेव्हा वाचला होता, पण आज परत अंगावर काटा आला. माझ्या मुलीच्या अख्ख्या शाळेत तेवढी मुलं नाहीत.

अनय_ग

केतकी, तुझी कळकळ समजते. पण एक गोष्ट लिहितो, कटू वाटेल. पोलीस हा माणूस असतो. त्याच्या अंगावरचं नेहमीचं जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं, एआर-१५ रायफलची नाही. दाराच्या पलीकडे कोण आहे, किती आहेत हे दिसत नाही. अशा वेळी 'आत जा' म्हणणं म्हणजे 'मर' म्हणणं. असा हुकूम आपण लष्करात देतो, तोही युद्धात. एखाद्या गावच्या शिपायाला, ज्याची निम्मी नोकरी वाहतुकीची चलनं फाडण्यात जाते, त्याला कायद्याने हे कसं बांधून घालणार? आणि घातलंच, तर उद्या पोलिसात येणार कोण?

फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळीबार चालू असताना बाहेर थांबलेल्या त्या डेप्युटीला, म्हणजे शाळेवर नेमलेल्या पोलिसाला, जगाने भित्रा ठरवलं. सोशल मीडियावर, वर्तमानपत्रांत, राष्ट्राध्यक्षांच्या तोंडूनसुद्धा. ज्युरीने सगळं ऐकलं आणि त्याला सोडलं. ज्युरी म्हणजे आपल्यासारखीच माणसं.

सुहास_एडिसन

मी न्यू जर्सीत वकिली करतो. फौजदारी माझा विषय नाही, पण हा भाग माहितीचा आहे म्हणून लिहितो.

केतकी, तुमच्या प्रश्नाचं अमेरिकेच्या राज्यघटनेपुरतं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते बऱ्याच लोकांना धक्का देतं. १९८९ च्या डीशेनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नागरिकाला दुसऱ्या खाजगी माणसाच्या हिंसेपासून वाचवण्याचं घटनात्मक बंधन सरकारवर नाही. त्यात चार वर्षांच्या एका मुलाला बाप मारत होता, आणि समाजकल्याण खात्याला ते ठाऊक होतं. २००५ मध्ये कॅसल रॉकचा निकाल आला. कोलोराडोतल्या एका बाईकडे नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम होता. त्याने तीन मुलींना नेलं. ती रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी चौकीतही गेली. तिन्ही मुली मारल्या गेल्या. कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की हुकूम बजावून घेण्याचा तिला घटनात्मक हक्क नव्हता.

याला एक अपवाद आहे. सरकारने तुम्हाला ताब्यात ठेवलं असेल, म्हणजे कैदेत वगैरे, तर तुमच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर येते. पार्कलंडच्या मुलांनी हाच मुद्दा मांडला की शाळेत जाण्याची कायद्याने सक्ती आहे, मग आम्ही सरकारच्याच ताब्यात नव्हतो का? फेडरल न्यायाधीशांनी २०१८ च्या डिसेंबरात हे फेटाळलं आणि २०२० मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. गंमत म्हणजे, नाही, गंमत हा शब्द इथे नको. विचित्र गोष्ट अशी की २०१८ च्या त्याच डिसेंबरात फ्लोरिडाच्या राज्य न्यायालयात एका मृत मुलीच्या वडिलांच्या दिवाणी दाव्यात न्यायाधीश म्हणाल्या, की या डेप्युटीवर कर्तव्य होतं. म्हणजे तोच माणूस, तोच दिवस आणि एकाच महिन्यात दोन उत्तरं.

अनय, फौजदारी खटला पडला त्याचं कारण फक्त भीतीबद्दलची सहानुभूती नव्हतं. बालकाकडे दुर्लक्ष हा गुन्हा फ्लोरिडात 'काळजीवाहू' माणसावर लागतो, म्हणजे आई, बाप, पाळणाघरवाली. शाळेचा पोलीस त्या व्याख्येत बसतो का, इथेच सगळं अडकलं. शिवाय आवाज इमारतींवर आदळून घुमत होता, गोळ्या कुठून येतायत ते कळलं नाही, असा बचाव होता. टेक्सासमध्येही दुसऱ्याच कारणासाठी केलेलं कलम ओढूनताणून लावावं लागलं. या कामासाठी शिवलेला कायदा दोन्हीकडे नव्हता.

केतकी_सॅन_अँटोनिओ

सुहास, मनापासून आभार. हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून होते. शाळेत पाठवलं नाही तर मला नोटीस येते. पाठवल्यावर तो कोणाच्याच ताब्यात नसतो.

अनय, 'मर' असं मी म्हणत नाही. पण दाराच्या पलीकडे दहा वर्षांची मुलं होती आणि त्यांच्या अंगावर कुठलंच जॅकेट नव्हतं.

सुहास_एडिसन

एक राहिलं. पार्कलंड ज्या ब्रोवर्ड काउंटीत येतं, तिथल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयाच्या लेखी धोरणात तेव्हा असं होतं की अशा प्रसंगी डेप्युटी आत 'जाऊ शकतो'. 'गेलंच पाहिजे' असं नव्हतं. शेरीफने चौकशी आयोगापुढे कबूल केलं की तो शब्द त्यांनी विचारपूर्वक ठेवला होता. कारण अनय सांगतोय तेच: मला माझी माणसं आत्महत्येला पाठवायची नाहीत. नंतर राज्यपालांनी शेरीफला पदावरून दूर केलं आणि नव्या शेरीफने तो शब्द बदलला.

त्या दिवशी सहा मिनिटांच्या आत १७ जण गेले. त्यात फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक होते आणि शाळेचे क्रीडा संचालक होते. दोघंही निःशस्त्र, दोघंही गोळ्यांच्या आवाजाकडे धावत गेलेले. त्यांच्यासाठी कुठलं धोरण लिहिलेलं नव्हतं.

रमाकांत_डेन्व्हर

मी १९९८ पासून डेन्व्हरला आहे. कोलंबाईन, १९९९ मध्ये दोघांनी गोळीबार केला ती शाळा, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. २० एप्रिल १९९९ ची दुपार मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर काढली. आमच्या टीममधल्या एका बाईंची भाची त्या शाळेत होती. ती सुखरूप निघाली, पण ते कळायला संध्याकाळ झाली.

तेव्हाची पद्धत अशी होती की पहिल्या पोलिसांनी इमारतीला वेढा घालायचा आणि स्वॉट, म्हणजे पोलिसांचं खास सशस्त्र पथक, येईपर्यंत थांबायचं. त्यांनी शिकवलेलं तेच केलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. आत विज्ञानाच्या वर्गात एका शिक्षकांना गोळ्या लागल्या होत्या. मुलं आपले शर्ट काढून त्यांचं रक्त थांबवायला बघत होती. त्यांनी खिडकीत फळा टेकवला: एकजण रक्त जाऊन मरतोय. दोन्ही हल्लेखोरांनी बाराच्या सुमारास स्वतःला संपवलं होतं. स्वॉट त्या वर्गापर्यंत पोचलं दुपारी अडीचनंतर. शिक्षक वाचले नाहीत.

त्यानंतर अख्ख्या देशात शिकवण बदलली. टेक्सास स्टेट विद्यापीठात २००२ पासून यासाठीच एक केंद्र चालतं. वेढा घालून बसू नका, जो पहिला पोचेल त्याने आवाजाच्या दिशेने जा, एकटा असलास तरी जा, असं ते शिकवतात. आधी मारणं थांबवा, मग मरणं थांबवा. टेक्सासच्या पोलिसांना दिल्या जाणाऱ्या त्या प्रशिक्षणात स्वच्छ सांगितलेलं आहे की निरपराधांचा जीव स्वतःच्या सुरक्षिततेच्या वर ठेवायची ज्याची तयारी नसेल, त्याने दुसरा पेशा बघावा. केतकी, तुम्ही विचारलंत ना कुठे लिहिलेलं आहे का? तिथे लिहिलेलं आहे. आणि युवाल्डीच्या शाळा पोलिसांचं हे प्रशिक्षण हल्ल्याच्या दोनच महिने आधी झालं होतं.

म्हणून कोलंबाईनला माझ्या मनात क्षमा आहे. युवाल्डीला नाही. तेवीस वर्षं मधे गेली होती.

राघव_पुणे

हे सगळं ठीक, पण मूळ दुखणं बंदुकीचं आहे. युवाल्डीच्या त्या मुलाने १८ वा वाढदिवस झाल्यावर आठवड्याच्या आत दोन रायफली दुकानातून कायदेशीर विकत घेतल्या. त्यावर कोणी बोलत नाही.

केतकी_सॅन_अँटोनिओ

राघव, बोलते. इथे प्रत्येक आई त्यावर बोलते. पण तो प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. माझा मुलगा उद्या सकाळी पावणेआठला शाळेत जाणार आहे.

दत्ता_निवृत्त_फौजदार

केतकीताई, मी पोलीस खात्यात ३३ वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो आणि खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झालो. मुलगी ह्यूस्टनला असते, म्हणून ही नावं माझ्या कानावर आहेत. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

अनयराव जे बोलले ते खोटं नाही. भीती कोणाला चुकली नाही. मी माझी सांगतो.

१९९४ साल. फौजदारी मिळून चार महिने झाले होते. रात्री खबर आली की एका चाळीत माणूस कोयता घेऊन खोलीत बसलाय, आत बायको आणि दोन पोरं. बायकोवर वार झालेत, ती आतून ओरडतेय. आम्ही पाच जण गेलो. माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, बाकीच्यांच्या हातात काठ्या. खोलीचं दार लोटलेलं. मी दारापासून चार हातांवर थांबलो आणि म्हणालो, "जादा कुमक मागवा." कुमक लागणार नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. मला वेळ पाहिजे होता. हुकुमाच्या शब्दात सांगितलं की भीतीसुद्धा शिस्तीसारखी दिसते.

आमचे हवालदार माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. टोपी काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि दाराला खांदा लावला. ते आत गेले आणि माझे पाय सुटले. मीही गेलो, बाकीचे तिघंही आले. माणूस धरला. बाई वाचली, पोरं वाचली. हवालदारांच्या दंडाला अठरा टाके पडले. मी सहा-सात मिनिटं घालवली होती. बाईच्या जखमा थोड्या खोल असत्या तर ती सहा-सात मिनिटं माझ्या नावावर राहिली असती.

हे मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. इथे लिहितोय कारण युवाल्डीच्या चौकशीत मी एक गोष्ट वाचली आणि मला तो जिना आठवला. सुरुवातीचे पोलीस त्या वर्गांच्या दारापर्यंत गेले होते. आतून गोळ्या आल्या, दोघांना चाटून गेल्या, सगळे मागे पळाले. इथपर्यंत मी कोणाला नाव ठेवत नाही. त्यानंतर जखमी झालेल्यांतला एक लेफ्टनंट पुन्हा कॉरिडॉरमधून पुढे सरकला. त्याने मागे पाहिलं. कोणी येत नव्हतं. मग तोही थांबला.

ताई, माझ्या मते सगळं तिथे गेलं. ३७६ माणसं भित्री होती असं मी मानत नाही. एवढी भित्री माणसं एका जिल्ह्यात गोळा होत नाहीत. एक पुढे गेला होता आणि त्याच्या मागे दुसरा गेला नाही, एवढंच. पहिल्या पाच मिनिटांत पाय थांबले की पुढे जो येतो तो थांबलेले पाय बघतो आणि समजतो की थांबायचा हुकूम असेल. कोणी चाव्या शोधतो, कोणी ढाल मागवतो, कोणी साहेबांची वाट बघतो. सगळे कामात दिसतात.

२६/११ ला ओंबळे साहेब गिरगाव चौपाटीवर फक्त काठी घेऊन कसाबच्या समोर गेले आणि त्याच्या एके-४७ ची नळी धरली. लोक म्हणतात, सगळ्यांनी ओंबळे व्हावं अशी अपेक्षा करता येत नाही. बरोबर आहे, करू नये. पण त्या रात्रीचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. त्यांनी नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या पोटात घेतल्या, त्या अवधीत बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले, म्हणून तो जिवंत सापडला. पुढे जाणारा एकच असतो. बाकीच्यांचं कर्तव्य तेवढंच, त्याला एकटं पडू द्यायचं नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम १४५. भ्याडपणा हा शब्द त्यात सरळ लिहिलेला आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड. १८६१ च्या इंग्रजांच्या कायद्यातही तो शब्द होता. माझ्या ३३ वर्षांत ते कलम कोणावर लागलेलं मी पाहिलं नाही. ते लागू नये म्हणूनच आमचे हवालदार दारात गेले असंही नाही. त्यांना ते कलम ठाऊक असेल असं वाटत नाही.

मृण्मयी_क

काका, तुम्ही हे लिहिलंत, त्याबद्दल काय म्हणू कळत नाही. नमस्कार.

अनय_ग

दत्ताकाका, तुमच्या प्रतिसादानंतर माझं पहिलं लिखाण मला अर्धवट वाटतंय. 'एकाला मरायला पाठवणं' असं मी डोळ्यांसमोर आणत होतो. एकाच्या मागे जाणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही असं मी म्हणू शकत नाही.

पण एक शंका खरीच आहे. युवाल्डीच्या अधिकाऱ्यांनी तो प्रसंग 'कोंडून घेतलेला आरोपी' असा धरला. अशा वेळी थांबणं, बोलत राहणं हेच शहाणपणाचं नसतं का? पवईत ऑक्टोबर २०२५ मध्ये एका माणसाने स्टुडिओत १७ मुलांना ओलीस धरलं होतं. पोलिसांनी आधी बोलणी केली, मग बाथरूमच्या वाटेने आत शिरले. मुलं सुखरूप निघाली. सरसकट 'दार तोडा' म्हटलं असतं तर?

दत्ता_निवृत्त_फौजदार

अनयराव, शंका योग्य आहे. फरक एका गोष्टीत आहे: मारायला सुरुवात झाली आहे का? पवईत झाली नव्हती, म्हणून वेळ पोलिसांच्या बाजूने होती. बोलत राहिलं तर माणूस थकतो, चूक करतो. युवाल्डीत पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त गोळ्या सुटल्या होत्या. तिथे वेळ त्याच्या बाजूने होती. गोळीबार थांबला म्हणजे प्रसंग बदलला असं होत नाही. आत ज्यांना लागलंय त्यांचं रक्त चालूच असतं. दार उघडल्यावर बाहेर आणलेल्यांपैकी तिघांची नाडी लागत होती. ते नंतर गेले.

रमाकांत_डेन्व्हर

अगदी हेच न्याय खात्याने जानेवारी २०२४ च्या अहवालात लिहिलं. हल्लेखोर बंदिस्त आहे असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. अ‍ॅटर्नी जनरल गारलंड स्वतः युवाल्डीला जाऊन म्हणाले की रूढ पद्धत पाळली असती तर काही जीव वाचले असते. आईबापांना ते ऐकायला वीस महिने थांबावं लागलं. आणि हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काय सांगितलं होतं, तर पोलीस गोळ्यांच्या दिशेने धावत गेले. राज्यपालांनी पत्रकार परिषदेत हे सांगितलं आणि दोन दिवसांत म्हणाले, माझी दिशाभूल झाली. मला मुलांच्या मृत्यूनंतरचं हे खोटं बोलणं फार लागतं. जिवाच्या भीतीने माणूस थांबतो हे समजू शकतो. दुसऱ्या दिवशी कसली भीती होती?

वर्षा_प्लेनो

मी डॅलसजवळ एका प्राथमिक शाळेत शिकवते, सात वर्षं झाली. आजवर नुसतं वाचत होते.

पोलिसांबद्दल सगळं लिहून झालंय, मी दाराबद्दल लिहिते. रॉब शाळेत वर्गाचं दार आतून बंद करता येत नव्हतं. शिक्षिकेने बाहेर यायचं, किल्लीने लावायचं, परत आत जायचं. कॉरिडॉरमध्ये बंदूकवाला असताना हे कोण करेल? १११ चं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं, दुरुस्तीची नोंद कोणी केली नव्हती. आणि त्या भागात सीमेवरून माणसं आणणाऱ्या गाड्यांचा पोलीस पाठलाग करतात, त्यामुळे त्या वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात पन्नासच्या आसपास इशारे आले होते. पन्नासाव्यांदा फोन वाजला की माणूस दचकत नाही. त्या दिवशीही कित्येकांना वाटलं, नेहमीचंच.

शाळा पोलिसांचे प्रमुख चाव्यांचा जुडगा घेऊन एकेक चावी दुसऱ्याच दाराला लावून बघत राहिले. १११ चं दार बहुधा उघडंच होतं असं विधिमंडळाच्या समितीने म्हटलं. हात लावून कोणी पाहिलंच नाही. हे वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन माझ्या वर्गाचं दार वीस वेळा लावून बघितलं.

आणि असं होऊ शकतं हेही सांगते. नॅशव्हिलच्या कव्हनंट शाळेत, २७ मार्च २०२३. पहिला फोन १०.१३ ला, हल्लेखोराला पोलिसांनी मारलं १०.२७ ला. तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली, ती पोलीस पोचायच्या आधीच. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मी पूर्ण पाहिलंय. दारात एक कर्मचारी बाई उभ्या आहेत, त्या त्याला किल्ली देतात आणि कुठे बघायचं ते दोन वाक्यांत सांगतात. तो दार उघडतो आणि ओरडतो, मला तीन जण पाहिजेत. आणि तीन जण येतात. एकेक वर्ग तपासत, वरून गोळ्यांचा आवाज आल्यावर जिन्याने धावत. कोणी विचारत नाही, साहेब कोण आहेत.

दत्ताकाका, तुमचं 'मागे जाणं' वाचताना माझ्या कानात तेच वाक्य होतं. मला तीन जण पाहिजेत.

सुहास_एडिसन

वर्षाताई, धन्यवाद. कायद्याच्या बाजूने एक छोटी भर. युवाल्डी शहराने २०२४ च्या मे महिन्यात कुटुंबांशी २० लाख डॉलरचा समेट केला. रक्कम मुद्दाम कमी ठेवली, कारण जास्त मागितली असती तर गावच बुडालं असतं, आणि ते कुटुंबांना नको होतं. त्याऐवजी त्यांनी मागितलं ते असं: गावच्या पोलिसांसाठी या कामाला लायक आहे की नाही याचा नवा निकष, प्रशिक्षणात वाढ आणि २४ मे हा दरवर्षी स्मृतिदिन. कोर्टाकडून जे कर्तव्य मिळालं नाही, ते या आईबापांनी करारात लिहून घेतलं. मी वकील आहे, मला तो कागद कुठल्याही निकालापेक्षा मोठा वाटतो.

केतकी_सॅन_अँटोनिओ

चार दिवस इथे आले नाही, क्षमस्व. मधे एक केलं.

शुक्रवारी मुलाच्या शाळेत गेले आणि तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांना भेटायचं आहे म्हणून सांगितलं. वाटलं होतं, टाळतील. टाळलं नाही. पन्नाशीचे आहेत, चष्मा लावतात, मुलं त्यांना नावाने हाक मारतात. मी लिहून नेलेला कागद काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही एकटे असाल, तर जाल का?

ते लगेच 'हो' म्हणाले असते तर मला बरं वाटलं नसतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, चला. मला त्यांच्या खोलीपासून कॉरिडॉरमधून नेलं. प्रत्येक वर्गाचा आकडा दारावर आहे तसा बाहेरच्या भिंतीवरही मोठ्या अक्षरात रंगवलेला दाखवला, बाहेरून येणाऱ्या पोलिसांसाठी. मास्टर किल्ली गळ्यातच होती, ती दाखवली. जाता जाता दोन दारांच्या कड्या ओढून बघितल्या, सवयीने. मग म्हणाले, मी रोज सकाळी मुलं यायच्या आधी इथून शेवटच्या वर्गापर्यंत चालत जातो. एक मिनिट दहा सेकंद लागतात. तुमचा मुलगा कुठल्या वर्गात आहे?

मी आकडा सांगितला.

म्हणाले, चाळीस सेकंद.

मला तिथेच रडू आलं. त्यांनी काही न बोलता टिश्यूचा खोका पुढे केला. कागदावरचे बाकीचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

दत्ता_निवृत्त_फौजदार

ताई, माणूस चांगला दिसतो. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि माझ्यातर्फे दोन गोष्टी. चालत मोजू नका म्हणावं, अंगावर पूर्ण वजन घेऊन धावत मोजा, आठवड्यातून एकदा तरी. छाती भरून आल्यावर किल्ली कुलपात जात नाही.

दुसरं, त्यांच्या मागे कोण येणार आहे ते विचारा. सगळ्यात जवळची गाडी कुठे उभी असते, तिला किती मिनिटं लागतात, तिच्यातल्या पोलिसांनी ही शाळा आतून कधी पाहिली आहे का.

केतकी_सॅन_अँटोनिओ

काका, सोमवारी परत जाते. कागदावर लिहून घेतलंय.

वर्षा_प्लेनो

केतकी, मला ते प्रश्न पाठव. मीही आमच्याकडे विचारते.